रिकाम्या हाताने

सोमीने नवऱ्याच्या ताटातला सुका बोंबील उचलून आपल्या ताटात टाकला. चांगो काही बोलला नाही. अळणी डाळ भातावर ओढून तो मान खाली घालून जेवू लागला.

त्याचं हे गप्प राहणंच तिला टोचायचं. गेल्या साली त्याचा धाकटा भाऊ भात झोडता झोडता छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. तेव्हा तिने चांगोला ओढतच शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब वाढलेला निघाला. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज अर्धा तास चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. मीठ तिच्या हातातच होतं. तंबाखूही भांडून भांडून सुटली. चालणं मात्र होईना. शेत महामार्गात गेल्यापासून हा माणूस ओटीवर बसून होता. चला म्हटलं की गुडघा दुखायचा, नाहीतर ऊन लागायचं. सहा महिने बोलून तिचा घसा कोरडा पडला.

आणि आता पंधरा दिवस तो सकाळीच कुठेतरी सटकायचा. विचारलं तर म्हणे, जरा नाक्यावर. नाक्यावर धाकलूची पानटपरी. म्हणजे तंबाखू पुन्हा सुरू झाली, सोमीने ओळखलं.

ती रागारागाने टपरी गाठायला गेली. धाकलूने सांगितलं, चांगो इकडे कित्येक महिने फिरकलेला नाही. खांद्यावर कोयता टाकून ओढ्याकडे जाताना मात्र रोज दिसतो.

तिकडे तोडायला होतं काय? सोमी ओढ्याच्या वाटेला लागली. पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं तिथे, महामार्गाच्या भिंतीपासून चांगो झपाझप परत येत होता. सदरा घामाने भिजला होता. कोयत्याला साधं पानही चिकटलेलं नव्हतं.

"लाकडं कुठंयत?"

तो थांबला. कोयता या हातातून त्या हातात घेतला.

"लाकडं नाय आणायची. रिकाम्या हातानी चालायला निघालो का जो तो इचारतो, कुठं चाललास. काय सांगू गो? कोयता असला का कोण नाय इचारत."

भिंतीपलीकडून गाड्या सुसाट जात होत्या.

"उद्या मी पण येते," ती म्हणाली.

"तू काय घेशील हातात?"

"काय नाय. कोणी इचारलं तं मी सांगंन."