जांभळ्याचं पिवळं

आमचे भावोजी म्हणजे ताईचे यजमान. माणूस देवासारखा, पण धीर म्हणून नाही, असं मी आल्यागेल्याला सांगत आले. ताईसमोर सांगितलं, ताई गेल्यावरही सांगितलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ताई मला मिरचीच म्हणायची.

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहायक आहे. पानांचे, सालींचे, अळंब्यांचे अर्क काढायचे आणि त्यांच्यात अँटिऑक्सिडंट किती ते मोजायचं, हे माझं काम. रीत सोपी आहे. एक गडद जांभळं द्रावण असतं, त्यात अर्काचे चार थेंब टाकायचे. अर्क जोरकस असला की जांभळं जातं आणि पिवळं उरतं. मग नळी अर्धा तास काळोखात ठेवायची आणि यंत्रावर आकडा बघायचा. नव्या पोरांना मी आधी रंग दाखवते. ती आ वासून बघत असली की म्हणते, "अर्धा तास थांबा, मग सांगते यात खरं किती ते." त्या अर्ध्या तासात पोरं जे अकलेचे तारे तोडतात, ते ऐकायला मजा येते. मग मी साध्या चहाच्या पाण्यानं तेच करून दाखवते आणि त्यांची हवा काढते. नळीतलं नळीत, शरीरातलं शरीरात, एवढंच त्यांना सांगायचं असतं.

ताईच्या पोटात गाठ निघाली. दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं, असे सहा डोस ठरले. दोन झाले आणि ताईची पार रया गेली. केस गेले, अन्नावरची वासना गेली, तोंडाला फोड आले. भावोजींना ते बघवेना. त्यांनी कुठूनशी वाळवलेली अळंबी आणली. पहाटे उठून मंद आचेवर उकळायची, पातळ कपड्यातून गाळायची आणि कोमट करून ताईला पाजायची, असा त्यांचा नेम सुरू झाला.

एके दिवशी दुपारी ते त्या काढ्याची बाटली घेऊन माझ्याकडे आले. "मिरची, जरा बघ ना यात काही आहे का."

मला जेवायला उशीर झाला होता आणि डोकं तडकलं होतं. तरी सवयीनं मी दोन नळ्या भरल्या आणि थेंब टाकले. डोळ्याचं पातं लवायच्या आत जांभळ्याचं पिवळं झालं.

भावोजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "हातच्या कांकणाला आरसा कशाला," ते हळूच म्हणाले.

"अर्धा तास थांबा, मग सांगते," मी म्हटलं. काळोखाचं कपाट गच्च भरलेलं होतं. एक नळी मी कशीबशी कोपऱ्यात घुसवली आणि दुसरी बूच लावून त्यांच्या हातात दिली. "ही खिशात ठेवा. उजेड लागू देऊ नका. खाली बसा, बोलावते." आणि मी डबा खायला गेले. तिथे भांडारवाली भेटली. तिच्या सुनेचं रामायण ऐकता ऐकता दोन वाजले, मग साहेबांनी हाक मारली. परत आले तेव्हा भावोजी नव्हते, त्यांना दिलेली नळीही नव्हती. निघून गेले उतावळेपणानं, असं मी म्हटलं. संध्याकाळी फोन करायचा होता, तो राहिला.

पाच आठवड्यांनी मी ताईकडे गेले, तर ती नळी खिडकीत उभी करून ठेवलेली. ताई म्हणाली, "पुढचा डोस मी घेतला नाही गं. नळीतलं जांभळं गेलं ना, तसं माझ्यातलंही जाईल. ते औषध मला सोसत नाही."

दुसऱ्याच दिवशी मी जांभळं द्रावण घरी नेलं आणि ताईच्या कपातल्या चहाचे चार थेंब त्यात टाकले. तितकंच पिवळं झालं. ताई बघत राहिली, मग हसली. "म्हणजे जन्मभर ढोसलेला चहा फुकटच गेला म्हणायचा." त्यावर मी भावोजींना जे फाडून खाल्लं ते खाल्लं. अर्धा तास थांबता आलं नाही तुम्हांला, शिकलेसवरलेले ना तुम्ही, काय काय बोलले. ते मान खाली घालून कप विसळत होते. ताई नुसती त्यांच्याकडे बघत होती.

हॉस्पिटलात पुन्हा सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, मध्ये खंड पडायला नको होता. गाठ पसरली होती. चौथ्या डोसापर्यंतही ताई पोचली नाही.

ती गेल्यावर आठवड्यानं आमच्या कॉलेजचा पहारेकरी भेटायला आला. भला म्हातारा माणूस. चारचौघांत माझं तेच चाललं होतं, यांना अर्धा तास धीर निघाला नाही म्हणून. भावोजी आत पाणी आणायला गेले, तेव्हा तो मला म्हणाला, "बाई, हेच ना ते? जिन्याखालच्या बाकावर दीड तास बसले होते. खिशावर हात दाबून. मी म्हटलं, वर जा की. तर म्हणाले, कामात असेल ती, बोलावते म्हणालीय."

माणसं गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. अळंबी उकळायचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. भावोजी ओट्याशी उभे होते.

"तुम्ही थांबला होतात," मी म्हटलं.

त्यांनी पातेलं उचलून फळीवर ठेवलं.

"इतके दिवस मी बोलतेय. सांगितलं का नाही मला?"

"तुझ्या ताईला सांगितलं होतं, त्याच रात्री," ते म्हणाले. "तू चहाचं दाखवून गेलीस ना, तेव्हा मी तुला सांगणार होतो. तिनंच अडवलं. म्हणाली, मिरचीला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल. ओरडू दे तिला तुमच्यावर, तुम्हांला सवय आहे."

मला रडूही येईना. "भावोजी, मी विसरले हो तुम्हांला," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी मला बसायला स्टूल पुढे केलं.