कुठलं आपण?

आमच्या पेंटरला ‘मी’ म्हणता येत नाही. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात उभा जन्म गेला, पण बोलणं असं की जणू संस्थानच चालवतात. “आपण कुणाचं ऐकून घेत नाही.” “आपण चहा बिनसाखरेचा घेतो.” आपण म्हणजे हे एकटे. इतकी वर्षं संसार केला, मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरी फसले.

झालं असं, की छातीचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी यांना वर्षभर जपायला सांगितलं होतं. वर्ष सरलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि म्हणाले, “आता काय वाटेल ते करा, फक्त बेताबेतानं.” घरी येताना हे भर रस्त्यात थांबले, समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “आपण तो चढायचा. वर जाऊन आलो की दुसऱ्या दिवसापासून शिडीवर.”

शिडी म्हणजे यांची कामाची शिडी. आजारपणापासून ती गॅलरीत उभी आहे आणि मी तिच्यावर कपडे वाळत घालते. यांना ते दिसतं.

त्या ‘आपण’मध्ये मी स्वतःला धरून चालले. दुरून डोंगर साजरे म्हणतात, मला तर तो दुरूनही भीती घालत होता. पण यांना एकट्याला कसं सोडायचं? बूट घेतले. नवे बूट चावतात, म्हणून ते पायात घालूनच शिवायला बसायला लागले. माझं कपडे दुरुस्तीचं काम, दिवसभर मशीनचं पायडल मारायचं. पायडल मारून मारून बूट असे वळायला लागले की काय सांगू! गिऱ्हाइकं विचारायची, “वहिनी, लढाईवर निघालात का?” आणि हे दुपारचे बाहेर पडले की मी इमारतीचा जिना वरपर्यंत चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. शेजारीण म्हणाली, हिच्या पायाला भिंगरी लागलीय.

निघायच्या आदल्या दिवशी तर मला एका जागी बसवेना. पिशवी भरली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली. केळी वर की अंडी वर? गोळ्या कुठल्या कप्प्यात? तेवढ्यात हे आतल्या खोलीत फोनवर बोलताना ऐकू आले. पलीकडे चष्म्याच्या दुकानाचे मालक, यांचे जुने मित्र.

“नाही रे, ती कशाला येतेय? आपण दोघंच.”

जन्मात एकदा हा माणूस ‘आपण’ बरोबर वापरतो, आणि त्यात मी नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच बूट वाजवत आत गेले.

“मग मी महिनाभर हे बूट कशाला घातले?”

हे माझ्या पायांकडे बघत राहिले. “मला वाटलं, कंबरेसाठी कुणी सांगितले असतील.”

“कंबरेसाठी! तुम्ही म्हणाला होतात, आपण चढायचा.”

“आपण म्हणजे… आपण.” छातीवर बोट ठेवलं. “मी.”

मी पिशवी धाडकन टेबलावर टाकली. एक अंडं फुटलं बहुतेक. “मी नको असले तर तसं सांगा. वर्षभर मी चालले, आता चष्मेवाले हवेत.”

हे खाली बघून म्हणाले, “तू बरोबर असलीस की दर चार पावलांवर विचारतेस, दम लागला का? तू विचारतेस आणि मला दम लागतो.”

रडूच आलं मला. खोटं नव्हतं ना. न्हाणीघराच्या दाराबाहेरसुद्धा उभी राहून मी हेच विचारलंय.

“नाही विचारणार,” मी म्हटलं.

“तुला जमायचं नाही.”

“चला जिन्यावर. मी पुढे, तुम्ही मागे. वळून बघितलं तर उद्या घरी बसेन.”

यांनी पिशवी पाठीला लावली. मी पुढे निघाले. वळायचं नाही म्हटल्यावर माझे कानच मागे लागले. पहिला मजला गेला, दुसरा गेला. यांची चप्पल सपक सपक येत होती. जरा हळू झाली. आणखी हळू. मग थांबली.

मी पण थांबले. कठडा घट्ट धरला. कुणाच्या तरी घरात नळ वाहत होता, त्यात यांचा श्वास ऐकू येईना. तोंडापर्यंत आलेलं ‘दम’ मी दातांखाली दाबलं. समोरच्या भिंतीवर कुणीतरी पेन्सिलीनं विमान काढलं होतं, त्याच्याकडे बघत राहिले. वळले असते तर उद्याच काय, यापुढेही कधी यांनी मला बरोबर घेतलं नसतं. देवा, काहीतरी बोला हो.

“अगं,” मागून आवाज आला. “दम लागलाय.”

मी वळले नाही. “मग बसा,” म्हटलं, आणि माझ्या पायरीवर बसले, भिंतीकडे तोंड करून. हे खालच्या पायरीवर टेकले असावेत, कारण पिशवी ठेवल्याचा आवाज आला. जरा वेळानं यांचा हात माझ्या बुटावर पडला. टाच दाबून बघितली.

“मऊ झालेत की.”

“महिनाभर पायडल मारलंय.”

“पहाटे लवकर निघू आपण.”

“कुठलं आपण?”

“तुला धरून,” हे म्हणाले.

घरी आल्यावर मोजे आणायला गॅलरीत गेले. ते शिडीवरच वाळत होते. मोजे काढले, आणि मग बाकीचे कपडेही काढून घेतले.