अनाउन्सरबाईंची वाचा

बस स्थानकावर तिचा चेहरा कुणी ओळखत नसे, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागलीय, हे वर्षानुवर्षं तीच सांगायची. म्हणून घरीदारी सगळे तिला अनाउन्सरबाई म्हणत. एके सकाळी कामावरच तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. लुळा पडलेला हात हळूहळू सुधारला. जीभ मात्र वैरीण झाली. डोक्यात शब्द लख्ख असायचा, तोंडातून भलताच बाहेर पडायचा.

"तिकीट," तांब्याकडे बोट दाखवत ती म्हणाली.

"तिकीट? अगं, निघालीस कुठे?" नणंद हसली.

चेष्टा मायेचीच होती, पण हिच्या काळजात चर्र झालं. तेव्हापासून तिने तोंडच मिटून घेतलं. दार वाजलं की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. कुणी काही विचारलं तर? नवरा बोलतं करायला गेला की ती मान फिरवायची. आपण अशाच आत कोंडून राहणार आणि हळूहळू माणसं आपल्याशी बोलायचंही सोडून देणार, या विचाराने भरदिवसा तिला घाम फुटायचा.

नणंद शेजारच्या गल्लीत शिवणकाम करायची. दुपारी येऊन ती बायबल वाचून दाखवायची. हिचं लक्ष नसायचं. ज्याने वाचा काढून घेतली, त्याचं काय ऐकायचं? एकदा स्तोत्र वाचताना नणंदेला ठसका लागला. "मी डोळे वर करून डोंगरांकडे पाहतो..." एवढ्यावरच ती थांबली.

"मला मदत कुठून येईल?" पलंगावरून आवाज आला.

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. लहानपणी रविवारच्या शाळेत घोकलेलं ते स्तोत्र, 'तो तुझा पाय घसरू देणार नाही' या ओळीसकट, ती अडखळत, पण शेवटपर्यंत म्हणाली. मग हौसेने पाणी मागायला गेली, तर पुन्हा "तिकीट"च.

नणंदेने आनंदाने डोळे पुसले. हिला मात्र वेगळीच धास्ती बसली. पाठ केलेलं तेवढं येतंय, म्हणजे आपला पोपट झाला की काय? पण एवढंही हातचं जाईल या भीतीने ती रोज दार लावून ते स्तोत्र पुटपुटू लागली.

एकदा नवरा कामावर गेलेला, घरी ती आणि सासूबाई दोघीच असताना न्हाणीघरात धप्पकन आवाज झाला. सासूबाई ओल्या फरशीवर आडव्या पडल्या होत्या, कानामागून रक्त येत होतं. ही धावत बाहेर गेली, तर समोरच्या दाराला कुलूप. तिने नणंदेला फोन लावला.

"हं, बोल गं."

"फलाट... फलाट..."

"काय झालं? घाबरू नकोस, सावकाश सांग."

तेवढ्यात न्हाणीघरातलं कण्हणं थांबलं. ती शांतता कण्हण्याहून भयंकर होती. हिने डोळे घट्ट मिटले आणि बुडत्याने दोर धरावा तसं ते स्तोत्र धरलं.

"मला मदत कुठून येईल... तो तुझा पाय घसरू... पाय घसरू... आई!"

"आई पडली?" नणंद किंचाळली. "गाडी घेऊन आलेच मी. तू तिच्यापाशी बस!"

ओल्या फरशीवर बसून ती सासूबाईंच्या जखमेवर टॉवेल दाबत राहिली. त्यांचा श्वास चालू आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघत होती. ओठ आपोआप हलत होते. ते स्तोत्र आता पोपटपंची वाटत नव्हतं, कुणाला तरी घातलेली हाक वाटत होतं.

सासूबाईंना टाके पडले, पण हाड शाबूत राहिलं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. नवरा धापा टाकत दवाखान्यात पोचला, तेव्हा नणंद हिचा हात धरून बाकावर बसली होती.

"अरे, हिनेच फोन केला," ती म्हणाली. "'आई' म्हणाली. तो शब्द काही त्या स्तोत्रातला नाही."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिला नेहमीसारखीच धडकी भरली. तरी या वेळी तिने मान फिरवली नाही.

"पाय... घसरला," ती म्हणाली. मग बराच वेळ शोधून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा, "मी... खूप... घाबरले."

"मी पण," नवरा म्हणाला आणि तिच्याशेजारी बसला.