डावी बाजू

फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल असली की सुकापूरच्या क्रीडा मंडळात त्या संध्याकाळी पाच वाजता कमलाकर घरत बोलायचे. दोन्ही संघांची कुंडली मांडायची, कोण कुठून घुसणार, कोणाची बाजू उघडी पडणार, ते फळ्यावर काढून दाखवायचं. तीस वर्षं शाळेत खेळाचे मास्तर आणि जिल्ह्याचे रेफरी राहिलेला माणूस. चार वर्षांपूर्वी तर त्यांना ऐकायला कळंबोलीहून लोक आले होते.

यंदा नवरात्रात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत का होईना चालू लागला, पण बोलणं बिघडलं. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, तोंडातून मात्र भलतंच यायचं. चहा मागायला गेले की "चावी" म्हणायचे. "नाय" म्हणायला तोंड उघडलं की बहुतेक वेळा "हो"च बाहेर पडायचं.

डिसेंबरात मंडळाचा सेक्रेटरी दीपेश घरी आला. "काका, अर्जेंटिना आणि फ्रान्स! तुमच्याशिवाय फायनल कशी होईल? दोन शब्द बोला फक्त."

"दोन शब्द तरी कुठं येतात त्यांना?" मालू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुमी नका जाऊ. लोक हसतील, मला नाय बघवायचं."

"हो," कमलाकर दीपेशकडे बघत म्हणाले, आणि या वेळी त्यांना तेच म्हणायचं होतं.

मुलीच्या, रंजिताच्या मोबाइलवर त्यांनी दोन्ही संघांच्या जुन्या मॅच पुन्हा पुन्हा पाहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना हवं ते सापडलं. फ्रान्सचा उजवा बचावपटू मुळात बचावाच्या मध्यभागी खेळणारा, कडेला रुळलेला नव्हता. त्याच्या पुढचा खेळाडू हल्ल्याला वाऱ्यासारखा, पण मागे येऊन मदत करण्यात कच्चा. म्हणजे अर्जेंटिनाने आपल्या डाव्या बाजूने घुसायचं. त्यांचा तो सडपातळ, वय झालेला विंगर एरवी उजवीकडे खेळायचा, त्याला डावीकडे उभं केलं की काम झालं. कमलाकरांच्या अंगावर काटा आला. हे सांगायचं होतं. पण सांगणार कोणाला? रंजिताला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. ती रोज तासभर त्यांच्याकडून शब्द घोटून घ्यायची.

"बाबा, म्हणा, अर्जेंटिना."

"अर्जेंटिना."

"शाब्बास! आता, फ्रान्स."

"फणस."

रंजिता हसली, मग वाळत घातलेले कपडे काढायचं निमित्त करून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

रविवारी हॉल भरला होता. रंजिता पहिल्याच रांगेत बसली होती. कमलाकर उभे राहिले तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी डाव्या हाताने फळ्यावर मैदान काढलं, रेघा वाकड्या आल्या, पण ओळखू येत होतं. मग अर्जेंटिनाच्या डाव्या कडेला एक ठळक गोल काढला आणि लोकांकडे वळले.

"अर्जेंटिना," ते म्हणाले. छान आलं. "फ... फणस..."

मागे कोणीतरी हसलं. कोणीतरी त्याला गप्प केलं. कमलाकरांनी श्वास घेतला आणि गोलावर बोट ठेवलं. डावी, डावी, डावी, असं मनात म्हणत ते बोलले, "उजवी."

ऐकताक्षणी त्यांना कळलं. त्यांनी नाही अशी मान जोरात हलवली, बोट पुन्हा गोलावर आपटलं. "उजवी! उजवी!"

दीपेश धावत आला. "काका म्हणतायत, उजव्या बाजूने हल्ला करायचा! फळ्यावर जरा उलटं झालंय, थांबा." त्याने बाहीने तो गोल पुसला आणि दुसऱ्या कडेला नवा काढला. "असंच ना काका?"

कमलाकरांनी त्याचा हात धरला. "हो! हो!"

"बघा!" दीपेश लोकांना म्हणाला. "अजून डोकं तेच आहे काकांचं!" आणि माइक घेऊन त्याने पुढची दहा मिनिटं काकांच्या नावाने स्वतःचाच अंदाज सांगितला. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. कमलाकर खुर्चीत बसून राहिले.

साडेआठला मॅच सुरू झाली. तो सडपातळ विंगर डावीकडे उभा होता. विसाव्या मिनिटानंतर तो डावीकडूनच आत घुसला, त्याला पाडलं, पेनल्टी मिळाली, गोल झाला. थोड्या वेळाने दुसरा गोल त्याने स्वतःच मारला. हॉल नाचत होता.

"काका, अंदाज चुकला हां तुमचा!" दीपेश प्रेमाने त्यांच्या कानाशी ओरडला. "पण जाऊ दे, आपण दोनने पुढे आहोत!"

कमलाकरांनी त्याचं मनगट पकडलं आणि फळ्याकडे ओढायला लागले. फळा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

"रंजिता, काकांना बाथरूमला जायचंय वाटतं," दीपेश म्हणाला, आणि दोघांनी त्यांना धरून बाहेर नेलं. पॅसेजमध्ये त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दमले असतील, असं रंजिताला वाटलं. हाफटाइमलाच तिने रिक्षा बोलावली.

मालू जेवायची थांबली होती. "मंग? ऐकलं ना लोकांनी नीट?"

"उभं राहून टाळ्या वाजवल्या, आई," रंजिता म्हणाली.

मालूचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. तिने नवऱ्याच्या ताटात गरम भात वाढला, त्यावर मासळीचा रस्सा ओतला आणि शेजारी बसली. कमलाकरांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मिटून घेतलं.