सरकतं कॉकपिट

दादांनी सत्तावीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली. जमिनीपासून चाळीस मीटर वर, काचेच्या केबिनमध्ये, पायांखाली जहाज आणि हातांत दोन दांडे. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना एका सकाळी कंटेनर हवेत असतानाच केबिन डाव्या अंगाला कलंडल्यासारखी त्यांना वाटली. त्यांनी दांडे सोडले नाहीत. कंटेनर होता तिथेच थांबवला, वायरलेसवर खाली कळवलं आणि दुसरा चालक वर चढून येईपर्यंत वीस मिनिटं डोळे मिटून बसून राहिले. डॉक्टरांनी आतल्या कानाचा दोष सांगितला. आठ महिने औषधं आणि मानेचे व्यायाम झाले. चक्कर गेली, पण केबिनही गेली. उरलेली वर्षं त्यांनी खाली फाटकावर कागद तपासत काढली.

त्यामुळे निवृत्तीनंतर धाकट्या बहिणीने त्यांना लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचा नाद लावला, तेव्हा वहिनी काही बोलल्या नाहीत. वहिनी म्हणजे दादांची बायको. शेजारपाजारचेही त्यांना वहिनीच म्हणत. उंचीवरून उतरवलेला माणूस घरात कसा वावरतो हे त्यांनी तीन वर्षं पाहिलं होतं.

धाकटी दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायची. दर शनिवारी दुपारी तीन वाजता बहीणभाऊ आपापल्या घरी डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून बसत आणि इंटरनेटवरून एकाच आकाशात भेटत. ती पुढे उडायची आणि ते तिच्या मागे, जरा उजवीकडे. तिच्या पाठीवर कोणी शत्रू येत नाही ना, हे पाहणं त्यांचं काम. आकाशात तिचं नाव टिटवी, कारण तोंडाला विश्रांती नव्हती, आणि त्यांचं बगळा, लांब मानेमुळे. हेडसेट घालून मान वळवली की खांद्यामागचं आकाश दिसायचं, खाली पाहिलं की पंखाखालून नदी सरकायची. पहिल्या दिवशी दादा उतरल्यावर पाच मिनिटं खुर्चीतून उठलेच नव्हते. धाकटीने काळजीने विचारलं, तर म्हणाले, जरा बसू दे.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका शनिवारी, दोघं ढगांच्या वर असताना, दादांना समोरचं कॉकपिट डावीकडे सरकताना दिसलं. अगदी सावकाश. त्यांनी दांडा सरळच धरला होता, विमान सरळच जात होतं, पण वेग-उंचीच्या घड्याळांची अख्खी पाटी नजरेसमोरून बाजूला निघाली होती. डाव्या अंगाला. कानात धाकटी विचारत होती, मागे कोणी आहे का, दादा, मागे बघ. त्यांनी हेडसेट काढून शेजारच्या उशीवर पालथा टाकला आणि टेबलाची कड घट्ट धरली. मिनिटभरात धाकटीचं विमान पडलं. त्यांनी सर्दीने डोकं जड झाल्याचं सांगितलं. तिने पाच-सहा वेळा बगळ्याचा उद्धार केला आणि विषय सोडून दिला.

दादांनी मात्र सोडला नाही. आजार परत आला, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं. पुढच्या शनिवारी पाहुणे येणार असल्याची थाप मारली, त्याच्या पुढच्या शनिवारी इंटरनेट बंद असल्याची. घरात ते भिंतीच्या कडेकडेने चालू लागले. पँट चढवताना पलंगावर बसू लागले. चष्म्याचा नंबर वाढलाय असं सांगून गाडीची किल्ली त्यांनी वहिनींच्या हातात दिली. आणि भीतीचं असं असतं की ती आपले पुरावे आपणच तयार करते. आठवड्याभरात त्यांना जिना उतरताना, वाकून बूट बांधताना, नुसतं वळून पाहतानासुद्धा जरा जरा गरगरल्यासारखं व्हायला लागलं. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. क्रेनवरून खाली उतरवलं होतं, आता कुठून उतरवतील, एवढाच विचार डोक्यात घोळत राहायचा.

तिसऱ्या शनिवारी सकाळी धाकटीचा व्हिडिओ कॉल आला. वहिनी बाजारात गेल्या होत्या. धाकटीने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. त्या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक लढतीची नोंद राहते आणि कोणत्याही वैमानिकाच्या डोळ्यांनी ती परत पाहता येते. आपण नेमके मेलो कसे हे शोधायला ती दादांच्या कॉकपिटमध्ये शिरली होती.

"दादा, त्या दिवशी तू हेडसेट कधी काढलास?"

"तू पडायच्या आधी. का गं?"

"कारण नोंदीत तुझी मान उजवीकडे वळत जाते. आधी खांद्यापर्यंत, मग शेपटीपर्यंत, आणि मग पूर्ण गोल फिरून परत पुढे. बगळ्यालासुद्धा जमायचं नाही हे."

मग धाकटीने सरळ विचारलं, तुला चक्कर येते का. तीन आठवडे दाबून ठेवलेलं सगळं मग त्यांनी सांगून टाकलं, पँटचंही सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. तिच्या बाबतीत हे नवलच होतं.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, आमच्याकडे तक्रार आली की आम्ही आधी माणसाला बाहेर काढतो आणि लिफ्ट रिकामी चालवून बघतो. आत्ता तेच करू. तिने त्यांना कॉम्प्युटर लावायला सांगितला. हेडसेट डोक्यावर आहे की नाही हे ओळखणारा एक सेन्सर आतल्या बाजूला असतो. त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावायला सांगितला, म्हणजे यंत्राला वाटेल कोणीतरी घातलाय. त्या दिवशी उशीवर पालथा पडल्यावर तेच झालं होतं. मग हेडसेट टेबलावर ठेवायचा, हात मागे घ्यायचे आणि नुसतं स्क्रीनकडे पाहायचं.

दादांनी तसं केलं. हेडसेटच्या आत जे दिसतं ते स्क्रीनवर उमटत होतं: धावपट्टीवर उभं असलेलं विमान, समोर घड्याळांची पाटी. दहा सेकंद काहीच झालं नाही. मग पाटी हलली. सावकाश, अगदी त्या दिवशीच्या चालीने, ती डावीकडे निघाली. हेडसेट टेबलावर दगडासारखा पडला होता. दादा दोन हात लांब उभे होते आणि त्यांच्या पायाखालची फरशी जागच्या जागी होती.

"सरकतंय," ते म्हणाले.

"आणि तुला?"

"मला काही नाही."

"मग टेबलाला कानाच्या डॉक्टरांकडे ने," धाकटी म्हणाली.

दादा खुर्चीत बसले. त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. फोन त्यांनी छताकडे वळवून ठेवला. धाकटी छताकडे बघत बसून राहिली.

पण दोष अजून सापडायचा होता, आणि तो सापडल्याशिवाय धाकटी जेवायला उठली नसती. तिने एकेक गोष्ट करायला लावली, एका वेळी एकच. वायर काढून दुसऱ्या खाचेत लावली, सरकणं तसंच. हेडसेट बंद करून चालू केला, त्याचं सॉफ्टवेअर नवं केलं, तसंच. खेळ बंद करून हेडसेटमध्ये सुरुवातीला दिसते ती नुसती रिकामी खोली पाहिली. तीही सरकत होती, म्हणजे खेळाची चूक नाही. दादांना आता हुरूप आला होता. क्रेनचा ब्रेक घसरायचा तेव्हा मिस्त्री असंच शोधायचे, ते म्हणाले.

मग तिने विचारलं, लिफ्ट सगळ्या मजल्यांवर अडकते की एकाच? वायर कुठपर्यंत पोचते? वायर लांब होती. दादांनी खेळ परत चालू केला आणि हेडसेट स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर ठेवला, तोंड आतल्या बाजूला करून. मांडणीवरची पातेली, डबे, ओट्यावरचा पसारा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं त्याच्यासमोर होतं. दादा स्क्रीनपाशी परत आले. पाटी जागेवर होती. पाच मिनिटं झाली तरी केसभरही हलली नाही.

"म्हणजे खोलीत काहीतरी झालंय," धाकटी म्हणाली. "काय बदललंस?"

दादांनी फोन खोलीभर फिरवला आणि फिरवतानाच त्यांच्या लक्षात आलं. महिन्याभरापूर्वी त्या खोलीला रंग दिला होता. पांढराशुभ्र. वहिनींनी जुने फोटो, कॅलेंडर, बंदराचा नकाशा, सगळं उतरवून माळ्यावर टाकलं होतं आणि नव्या भिंतीला एकही खिळा मारायचा नाही असं बजावलं होतं. शिवाय ऊन येतं म्हणून दादा दिवसभर पडदे ओढलेले ठेवत. हेडसेटला पुढे बारीक कॅमेरे असतात. दाराची कड, चौकटीचा कोपरा, फोटोची फ्रेम असं काहीबाही पकडून तो आपण कुठे बघतोय हे ठरवतो. अंधारातल्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर त्याला पकडायला काहीच उरलं नव्हतं. मग तो अंदाजाने चालत होता, आणि अंदाज भरकटत होता.

तेवढ्यात वहिनी पिशव्या घेऊन आल्या. स्टूल दारात, वायर आडवी, नवरा पलंगावर उभा राहून भिंतीला चिकटपट्टीने नकाशा लावतोय. पलंगावर उभा, हे त्यांनी सगळ्यात आधी पाहिलं. पिशव्या तिथेच ठेवून त्यांनी काय चाललंय ते विचारलं, आणि दादांनी सगळं सांगितलं, सर्दीच्या थापेपासून टेबलापर्यंत.

वहिनींनी पर्समधून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सोमवारची, मेंदूच्या डॉक्टरांची वेळ होती.

"तुम्ही भिंत धरून चालता, मला दिसत नाही असं वाटलं तुम्हाला? मी काय काय मनात आणलं असेल या तीन आठवड्यांत."

"अगं, मला वाटलं तू घाबरशील."

"घाबरलेच होते. एकटीच."

दादा पलंगावरून उतरले, वहिनींना बसवलं आणि त्यांच्या शेजारी बसले. फोनमधून धाकटीने वहिनींना सांगितलं की माझ्या वतीने दोन रट्टे द्या, आणि फोन ठेवून ती जेवायला गेली.

सोमवारी दोघं डॉक्टरांकडे गेलेच. वहिनी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. डॉक्टरांनी दादांना एका पायावर उभं केलं, डोळे मिटून चालवलं, झटकन आडवं करून मान वळवली. कान ठीक, डोकं ठीक. जिन्यावरचं गरगरणं काळजीचं असणार, ते आपोआप जाईल असं ते म्हणाले, आणि ते रविवारपासूनच गेलं होतं. बाहेर पडल्यावर वहिनी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि पाण्याची अख्खी बाटली त्यांनी एका दमात संपवली.

शनिवारी पडदे उघडे होते आणि खोलीतले दिवे लावलेले होते. भिंतीवर नकाशा, कॅलेंडर आणि चौकडीच्या दोन साड्या अशी जत्रा भरली होती. तीन वाजता टिटवी आणि बगळा एकदमच वर गेले. वीस मिनिटांनी ढगांतून एक विमान धाकटीच्या मागे उतरलं. दादांनी मान वळवली, ते त्यांना नीट दिसलं, आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, डावीकडे वळ, खाली जा. ती वळली. त्यांनी मागून येऊन त्याला गाठलं.

लढत संपल्यावर धाकटी उतरली आणि इंजिन बंद करून धावपट्टीच्या कडेला थांबली. दादा उतरेनात. काही बिघडलंय का, तिने विचारलं. काही नाही, ते म्हणाले, आणि त्यांनी नदीवरून आणखी एक गिरकी घेतली, मग आणखी एक. टाकीत इंधन होतं तोवर ते वरच होते.