चौदा थरांखालचा पाइप

रंगाऱ्याला या सगळ्यातून मिळणार होतं ते असं: चार महिन्यांची नात, सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तिच्या मागोमाग मुलगी आणि जावई, वरच्या दोन खोल्यांत कायमचे, आणि बायको गेल्यानंतर सहा वर्षांनी घरात आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा तरी खोकला. जावयाचं भाडं वाचणार होतं, मुलीची पाळणाघराची शोधाशोध संपणार होती. त्यांचा फायदा चारचौघांत सांगण्यासारखा होता, याचा नव्हता. म्हणून हा फोनवर "तुमची सोय बघा" एवढंच म्हणायचा आणि फोन ठेवला की तयार पाळण्याला पुन्हा एकदा काचकागद मारायचा.

अट एकच होती. बाळाचं दूध पावडरचं, म्हणजे दिवसातून सात वेळा नळाचं पाणी पोटात जाणार. दवाखान्यातल्या नर्सने घराचं वय विचारलं आणि म्हणाली, एवढ्या जुन्या घरात पाण्याचा पाइप शिशाचा असू शकतो, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. उकळून ते जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. पाइप कशाचा आहे ते कळल्याशिवाय बाळ तिथे राहणार नाही, असं मुलीने कळवलं. हा तिच्या आईचा सूर होता. त्या सुरापुढे रंगाऱ्याचं कधीच काही चाललं नव्हतं.

पाइप ओळखणं तसं सोपं. तांब्याचा जुन्या नाण्यासारखा दिसतो, प्लॅस्टिकचा दिसतोच. लोखंडाला चुंबक चिकटतो, शिशाला चिकटत नाही, आणि शिसं नाण्याच्या कडेने खरवडलं की चकाकतं. पण ही सोय ज्यांचा पाइप उघडा असतो त्यांची. रंगाऱ्याने हे घर घेतलं तेव्हाच ते जुनं होतं, आणि त्यानंतरच्या एकतीस वर्षांत त्याने चौदा वेळा घर रंगवलं. दर वेळी डब्याच्या तळाशी उरलेला रंग पाइपला. रंग फेकून देणं त्याच्याच्याने व्हायचं नाही. लग्नानंतर जावई जसा सगळीकडून सारखाच गुबगुबीत झाला होता, तसा तो पाइप झाला होता.

जावई विमा कंपनीत होता; लोकांच्या घरांतले धोके मोजण्याचा पगार घ्यायचा. रविवारी तो आला, फ्रिजवरचा चुंबक काढला, ओट्याखाली वाकला आणि पाइपला लावला. चुंबक टक्कन चिकटला. फोटो काढून बायकोला पाठवला, गुडघे झटकले आणि लोखंड आहे, विषय मिटला, असं जाहीर केलं. शनिवारचा टेम्पो ठरला. जाताना सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काळजी करायची नाही, हे आमचं रोजचं काम आहे.

तो गेला आणि रंगारी ओट्याखाली बघत उभा राहिला. चुंबक चिकटला ती जागा त्याच्या ओळखीची होती. एकोणीस वर्षांपूर्वी पाइप भिंतीवर खडखड करायला लागला, तेव्हा प्लंबर बोलवायचा नाही म्हणून त्याने स्वतःच एक लोखंडी पट्टा ठोकला होता. बायकोला जुगाड दिसू नये म्हणून पुट्टी भरून, घासून, रंगवून पट्टा असा काही जिरवला की तिला शेवटपर्यंत सापडला नाही. आता विमा कंपनीलाही सापडला नव्हता.

त्याने चुंबक चार बोटं वर लावला. तो हातात आला. खाली लावला. हातात आला. मग त्याने स्वतःची समजूत घातली की चौदा थर आहेत, चुंबकाने तरी काय करायचं. कारण चांगलं होतं. फक्त पट्ट्यावरही नऊ थर होते आणि त्या नवांमधून चुंबक मुकाट बसला होता. हा हिशेब त्याच्याशिवाय जगात कुणालाच करता येणार नव्हता, कारण पट्टा कुणालाच माहीत नव्हता. गप्प बसलं की शनिवारी नात घरात.

सोमवारचा दिवस तो गप्प बसला. त्याने पाळण्याला काचकागद मारला नाही, एवढंच.

मंगळवारी सकाळी त्याने खाली प्लॅस्टिक अंथरलं, तोंडाला मास्क बांधला आणि रंग ओला केला. जुन्या रंगातही शिसं असायचं. कोरडा खरवडायचा नाही हे त्याने हाताखालच्या किती जणांना शिव्या देऊन शिकवलं होतं. खरवडायची पट्टी तिरकी लावून तो एकेक थर उतरवत गेला. पांढरा. बायकोच्या आजारपणातला फिका निळा, डोळ्यांना त्रास नको म्हणून. मुलीने हट्टाने निवडलेला जांभळा. बँकेच्या कामातून उरलेला राखाडी. मुलगी जन्मली त्या वर्षीचा पिवळा. कडेकडेने सगळे थर एकाखाली एक असे उघडे पडले, की त्याला पट्टी पुढे सरकवेना. एवढी वर्षं एका नखाच्या जाडीत मावली होती.

मग धातू लागला, मळकट, ढगासारखा. त्याने नाण्याची कड ओढली. रेघ उमटली आणि ती इतकी लख्ख होती की त्याने हात मागे घेतला. आयुष्यभर त्याने चकाकी वरून लावली होती. ही आतून येत होती. त्याने नख दाबलं तर नखाचाही वण उठला. नखाला वश होणारी ही वस्तू त्याच्या जन्माआधीपासून पाण्याचा जोर पोटात धरून उभी होती. तो जमिनीवरच बसला.

तिथूनच त्याने मुलीला फोन लावला.

"टेम्पो रद्द कर."

"बाबा, ह्यांनी फोटो पाठवलाय. चिकटलाय चुंबक."

"तो माझ्या पट्ट्याला चिकटलाय. पट्टा मी लपवला होता."

"कुणापासून?"

"तुझ्या आईपासून."

ती हसली, आणि हसता हसता थांबली. "मी याच नळाचं पाणी पीत मोठी झाले ना?"

तो हो म्हणाला.

गुरुवारी प्लंबरबाई आली. दारातून ओट्यापर्यंत तिने गल्लीतल्या तीन घरांच्या टाक्यांची निंदा केली आणि टॉर्च घेऊन आडवी झाली. भिंतीजवळ अजून थोडं खरवडा, म्हणाली. रंगाऱ्याने खरवडलं. कांद्याएवढा एक फुगवटा बाहेर आला, दोन्ही टोकांना निमुळता, कुठे शिवण नाही, थेंब नाही.

"हा दोन पाइपांचा सांधा हाताने केलाय, काका," ती हळू बोलली. "वितळलेला धातू ओतायचा आणि नुसत्या फडक्याने पुसून आकार द्यायचा. दहा-वीस श्वासांत. माझ्या उस्तादांनी एकदा करून दाखवलं, त्यांचं ओघळलं होतं."

रंगारीही तिच्या शेजारी आडवा झाला. ब्रशची रेघ दिसू नये म्हणून चाळीस वर्षं जीव काढलेल्या माणसाला समोर काय आहे ते सांगावं लागलं नाही. कुणीतरी अनोळखी माणूस इथे, या कोपऱ्यात, कुणी बघणार नाही अशा जागी हे करून गेला होता, आणि याने त्यावर चौदा वेळा रंग फासला होता.

"एवढं चांगलं काम," तो म्हणाला, "आणि पाण्यात विष."

"चांगलं होतं म्हणून तर. वाईट असतं तर केव्हाच गळलं असतं, बदललं असतं."

नुसता घरातला तुकडा बदलायचा नाही, तिने बजावलं. कापताना हललेला बाहेरचा जुना तुकडा काही आठवडे जास्त शिसं सोडतो. रस्त्यापासून मीटरपर्यंतचा पाइप पाणीखात्याचा, दोन्ही एकाच दिवशी निघायला हवेत. तोवर प्यायला, रांधायला फक्त थंड नळ. सकाळी गार लागेपर्यंत पाणी सोडायचं, नळाची जाळी धुवायची, शिसं अडवणारा प्रमाणित फिल्टर लावायचा. हे काकांसाठी. बाळाने थांबायचं.

पाणीखात्याने अकरा आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्या अकरा आठवड्यांत नात पालथी पडली, बसायला लागली. आजोबांनी ते फोनच्या काचेवर बघितलं. पाइप निघाला तेव्हा दोघांनी उचलला, आणि जमिनीवर ठेवताना तो स्वतःच्याच वजनाने वाकला. जमलेली गल्ली ते वाकणं बघायला पुढे सरकली. नवीन पाण्याची तपासणी झाली, अहवाल स्वच्छ आला, मगच टेम्पो आला.

कुणी काय भरलं ते असं: बाहेरच्या पाइपचं पाणीखात्याने. आतल्याचं रंगाऱ्याने, वर अकरा आठवडे. प्लंबरबाईने अर्ध्या दिवसाची मजुरी सोडली आणि तो सांधा कापून घरी नेला. जावयाने तेवढ्या दिवसांचं भाडं भरलं, आणि सासऱ्यासमोर धोका हा शब्द काढणं सोडलं. मुलीने स्वतःचं रक्त तपासून घेतलं. आकडा ठीक होता, पण लहानपणी हाडांत गेलेलं या कागदावर दिसत नाही, असं नर्स म्हणाली. ते मुलीने कधीच भरून टाकलं होतं, कुणी न मागता, आणि बापाला ते परत करायची सोय नव्हती. नातीने काही भरलं नाही.