पायाखालचा चेहरा

छिन्नीचा दुसरा घाव बसला आणि असुराचे नाक फरशीवर येऊन पडले. तिसऱ्या घावासरशी डावा डोळा भुवईसकट एका सलग कपचीत सुटला आणि उताणा होऊन छताकडे पाहत राहिला.

शकूने हातातला कुंचला वाटीच्या काठावर आडवा ठेवला. तो डोळा तिने काल दुपारी आखला होता. पापणीची रेघ ओढताना श्वास रोखून धरावा लागतो, आणि साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईला तो पूर्वीइतका वेळ रोखता येत नाही.

"पुंडलिक, आखलेल्या डोळ्याला छिन्नी लावलीस? परत?"

"राक्षसाचा डोळा तो, मावशी. देवाचा थोडाच हाय!"

"डोळा तो डोळा. तुझ्या आप्पांनी असं कधी केलं नाय."

पुंडलिक कारखान्याचा मालक खरा, पण शकूने त्याला चड्डीत पाहिलेला. तिच्यापुढे त्याचा आवाज चढत नसे. त्याने नुसते कट्ट्यावरच्या मोबाइलकडे बोट दाखवले, जणू सगळा अपराध त्या काचेच्या आत बसलेला होता.

पेणमधल्या त्या गणपतीच्या कारखान्यात शकू बत्तीस वर्षे डोळे आखत आली होती. गडब गावाहून सकाळच्या एस.टी.ने यावे, पदर खोचावा आणि संध्याकाळपर्यंत मूर्तींना दृष्टी द्यावी, असा तिचा नेम. पाणी भरायला आलेल्या या बाईचा हात आप्पांनी एकदा रांगोळी घालताना पाहिला आणि तिच्या हाती कुंचला दिला. रंग चढला, दागिने झाले, शेल्याचे काठ झाले, की सर्वांत शेवटी डोळे. आणि डोळे झाले, की त्या मूर्तीवर पुन्हा हत्यार चालवायचे नाही, हा आप्पांचा दंडक होता. जो पाहू लागला त्याच्यावर घाव घालू नये, एवढेच कारण ते सांगत. त्यांच्या पश्चात पुंडलिकानेही तो दंडक पाळला होता, या श्रावणापर्यंत.

श्रावणात रोह्याच्या एका मंडळाने नऊ फुटी मूर्ती सांगितली. उभा गजानन, आणि त्याच्या उजव्या पायाखाली चिरडलेला असुर. मंडळाचे आश्रयदाते प्रवीणशेठ हे आमदारकीची स्वप्ने पाहणारे गृहस्थ. असुराला चेहरा कुणाचा द्यायचा, तो फोटो त्यांनीच धाडला. पहिला फोटो उत्तरेकडच्या एका शेजारी देशाच्या सत्ताधीशाचा होता. त्याने सीमेवर तोफा आणल्या होत्या, चौकाचौकांत त्याचे पुतळे जळत होते. शकूने डोळे आखले. पण पंधरवडा उलटायच्या आत दोन्ही देशांचे प्रमुख कुठल्याशा परिषदेत हातात हात घालून हसले आणि तो चेहरा उतरवावा लागला. मग पश्चिमेकडच्या महासत्तेचा अधिपती आला. त्याने आपल्या मालावर जबर कर बसवला होता. शकूने पुन्हा डोळे आखले. आज सकाळी कळले, की त्याच देशातली एक कंपनी रोह्याला येते आहे आणि भूमिपूजनाच्या पाटीवर शेठचे नाव कोरले जाणार आहे.

पुंडलिकाने फोन लावला आणि हात प्लास्टरने माखलेले असल्यामुळे स्पीकरवर ठेवला.

"शेठ, काढला चेहरा. आता कोण? तुमच्या पक्षातल्या त्या पलीकडच्या गटाचा अध्यक्ष घेऊ काय? परवाच्या सभेत तुम्ही त्याला राक्षसच म्हणालात."

"गप रे बाबा! रविवारी युती झाली आमची. काल त्याच्या घरी जेवून आलो मी. बायकोने त्याच्या हातावर राखी बांधली."

"मग?"

"कुणाचाच नको. जग लय फिरतंय सध्या, पुंडलिकराव. आज ज्याला लाथ घालावी तो उद्या पाहुणा म्हणून येतो. असा चेहरा घ्या, की ज्याचं कुणाला वाईट वाटणार नाय. परवा सकाळी मी स्वतः न्यायला येतो."

त्या संध्याकाळी शकू एकटीच गडबला परतली. तिचा नवरा काळुराम त्याच कारखान्यात प्लास्टर कालवण्याच्या कामावर होता. त्याला पुंडलिकाने थांबवून घेतले होते. तो नंतरच्या एस.टी.ने आला, तेव्हा त्याच्या भुवयांच्या केसांत पांढरे कण अडकलेले होते.

"तोंड तरी नीट धुवायचंत," ती म्हणाली.

"धुतलं गो. निघतच नाय," असे म्हणून तो स्वतःशीच हसला आणि भाकरीकडे वळला.

सकाळी ती कारखान्यात शिरली आणि मूर्तीच्या पायाशी थबकली. असुराला नवा चेहरा बसलेला होता. गालफडे आत गेलेली, ओठ एका बाजूला किंचित ओढलेले, आणि हनुवटीवर विळ्याचा जुना व्रण. तो व्रण ज्या वर्षी झाला, त्या वर्षीच्या भातकापणीत तिने स्वतः त्यावर हळद दाबून धरली होती. डोळ्यांच्या खोबणी मात्र कोऱ्या होत्या.

काळुराम पिंपापाशी उभा राहून फावड्याने प्लास्टर ढवळत होता.

"अवो, हे काय?"

"साचा घेतला पुंडलिकाने. नाकात दोन नळ्या घातल्या नि तोंडावर ओतलं. थंडगार वाटलं गो."

"कशापायी ते विचारलंत?"

"विचारलं ना. म्हणाला, चेहरा पायजे." त्याने मान वाकडी करून असुराकडे पाहिले. "पण माझे कान एवढे मोठे हायत?"

मुकुटांवर सोनेरी रंग चढवणाऱ्या दोघी जणी फिसकन हसल्या. शकू वळली, तशी त्यांची तोंडे मिटली.

पुंडलिक मखराच्या आडून पुढे आला. बोलण्याआधी त्याने दोनदा हात पुसले.

"मावशी, रागावू नको. हाताने चेहरा घडवायचा तर चार दिवस जातात. साच्यातून एका तासात निघतो. उद्या ट्रक यायचा हाय."

"तुझा का नाय काढलास?"

"मला रोह्यात ओळखतात सगळे."

"व्हय. नि यांना कोण ओळखत नाय."

पुंडलिकाने पुन्हा हात पुसले.

"जगातले राजे एकेक करून पायाखालनं उठून गेले," शकू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एकाचा हात हातात घेतला, एकाची कंपनी आली, एकाला राखी बांधली. जागा तेवढी मोकळी राहिली. तर तिथं माझा माणूस निजवलास. शेठने सांगितलं ना, वाईट वाटणारं कुणी नसेल असा बघ म्हणून? मग मी कोण?"

"जाऊ दे गो," काळुराम पिंपापासून म्हणाला. "देवाच्याच पायाखाली हाय ना? बरं हाय की."

"देवाच्या नाय, अवो. शेठच्या मांडवात."

काळुरामाचे फावडे थांबले. हा फरक त्याच्या ध्यानात आला नसावा असे नव्हे. तो कुणी उच्चारून दाखवील, ही त्याची अपेक्षा नसावी. त्याने हनुवटीवरून हात फिरवला, आणि मग तोच हात न्याहाळत राहिला.

"तुला नाय जमणार, तर मी आखतो," पुंडलिक हलकेच म्हणाला. "शेठला भ्यालेले डोळे पायजेत. वटारलेले, बुबुळं बाहेर आलेली. दोन फटकाऱ्यांचं काम हाय."

शकूने त्या कोऱ्या खोबणींकडे पाहिले. चाळीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला थकलेला पाहिला होता, उपाशी पाहिला होता, पोरगी गेली तेव्हा भिंतीला टेकून बसलेला पाहिला होता. बुबुळे बाहेर आलेली तिने कधी पाहिली नव्हती. आणि आता दहा दिवस सारे रोहे रांगेने येऊन ती पाहणार, लेकरांना बोट करून दाखवणार.

तिने वाटी उचलली.

"कुणी हात लावायचा नाय. मीच आखते. याचे नि देवाचे पण. नि समोरून सगळे बाजूला व्हा."

आखणीच्या वेळी समोर कुणी थांबत नसे, त्यामुळे यात कुणाला काही वावगे वाटले नाही. ती फरशीवर बसली आणि नवऱ्याच्या चेहऱ्याशी चेहरा नेला. भाताची झोडणी करताना मध्येच कंबर सरळ करून तो वर पाहतो, तसे डोळे तिने आखले. त्यांत भीती नव्हती, तक्रारही नव्हती. ते फक्त वर पाहत होते. पापण्यांखालच्या वळ्याही तिने सोडल्या नाहीत.

मग ती फळीवर चढली.

गजाननाची दृष्टी देणे ही या हातांची सवय झाली होती, तरी दर वेळी ती आधी कपाळाला हात लावत असे. देवासमोर पाच पावलांवर जो हात जोडून उभा राहील, त्याच्या डोळ्यांना देवाचे डोळे भिडले पाहिजेत. बुबुळ तसे बसवायचे. आप्पा स्वतः पाच पावलांवर उभे राहत आणि विचारत, "बघ, मी दिसतोय का त्याला?" बत्तीस वर्षांत तिचे बुबुळ कधी हलले नव्हते. सावकार, अधिकारी, पुढारी, कोणीही समोर उभा राहिला तरी देव त्याच्याकडे पाही. देवाने कुणाकडे पाहावे हे ठरवणारी आपण कोण, असेच ती आजवर मानत आली होती.

कुंचला बराच वेळ हवेत राहिला. खाली काळुरामाचे डोळे वर पाहत होते.

तिने श्वास रोखला आणि बुबुळ भाताच्या एका दाण्याइतके खाली बसवले. दुसरेही.

दुपारी पुंडलिक पाहायला आला. सवयीने तो पाच पावलांवर उभा राहिला, मग एक पाऊल डावीकडे सरला, मग उजवीकडे. देव करुणेने पाहत होता, पण त्याच्याकडे नव्हे. पुंडलिकाने त्या दृष्टीचा माग काढीत मान हळूहळू खाली आणली. ती असुरावर येऊन ठरली. शकू पाठमोरी बसून कुंचला धूत होती. मग फरशीवर राहिलेल्या कालच्या कपच्या गोळा करून तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी ट्रकच्या मागोमाग प्रवीणशेठची पांढरी गाडी आली. बरोबर मंडळाचे चार जण आणि शेठचे फोटो सांभाळणारा साईराज.

"वा! याला म्हणतात पेणची मूर्ती." शेठनी आधी असुराकडे निरखून पाहिले. "हा कोण हाय? ओळखीचा नाय ना कुणाच्या?"

पुंडलिक ट्रकवाल्याला हाक मारायला वळला.

"तुमच्या नाय, शेठ," शकू म्हणाली.

"झकास! साईराज, घे एक. गाडीत चढवायच्या आधी टाकून देऊ, 'बाप्पा निघाले रोह्याला' म्हणून."

शेठ मूर्तीपुढे उभे राहिले आणि हात जोडले. साईराजने मोबाइल धरला, खाली केला, पुन्हा धरला.

"शेठ, बाप्पा तुमच्याकडे बघत नाय."

"म्हणजे?"

"तुमच्या डोक्यावरून... नाय, डोक्यावरून नाय. पुढ्यात कुठंतरी बघतोय. जरा डावीकडे या."

शेठ डावीकडे सरले. मग उजवीकडे. मंडळाचे चौघे हसू दाबून उभे होते. शेठच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मूर्तीकडे, मग पुंडलिकाकडे पाहिले. काहीतरी चुकले आहे हे त्यांना जाणवत होते, पण देवाच्या त्या प्रसन्न मुखात बोट ठेवावे असे काही सापडत नव्हते.

"वाका जरा, शेठ," साईराज पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "हां. अजून. गुडघे टेकता का?"

पांढऱ्या शुभ्र पँटकडे एकदा पाहून शेठनी गुडघे टेकले. फरशीवर प्लास्टरची भुकटी होती. पिंपापाशी उभ्या असलेल्या काळुरामाने फावडे बाजूला ठेवले आणि तोही पाहू लागला.

"आता?"

"आलं, आलं. थोडक्यात राहिलंय. डोकं जरा त्या राक्षसाच्या बाजूला घ्या. त्याच्या तोंडाला लागून."

शेठनी एक हात फरशीवर टेकला, मान तिरपी केली आणि गाल त्या व्रण असलेल्या हनुवटीशी नेला.

"आता बघतोय का?" त्यांनी विचारले.

साईराजने मोबाइल थोडा मागे घेतला.

"अजून जरा खाली, शेठ."